मैत्रिणीचे खाणे बिघडले आहे अशी शंका येते तेव्हा : पहिल्यांदाच सोबत करणाऱ्यांसाठी

आपल्या एखाद्या सज्ञान मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या खाण्यापिण्यात काहीतरी बिनसले आहे अशी शंका ज्यांना येऊ लागली आहे आणि ज्यांनी असा प्रसंग यापूर्वी हाताळलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुंबईत ही शंका पुष्कळदा घरच्यांच्या आधी सोबत राहणाऱ्यांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना येते, कारण घर रत्नागिरीला, साताऱ्याला किंवा अकोल्याला असते आणि दुपारचा डबा मात्र रोज आपल्यासमोर उघडला जातो, किंवा उघडला जात नाही. आपले काम कुठवर आहे हे आधीच ठरवून घेतलेले बरे. तुम्हाला निदान करायचे नाही, उपचार करायचे नाहीत आणि तिच्या ताटावर पहारा तर मुळीच द्यायचा नाही. मैत्री शाबूत ठेवून तिला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे आणि उपचार चालतील तितके दिवस तिच्या जवळ टिकून राहणे, हे तुमचे काम. लेखात सोयीसाठी बहुतेक ठिकाणी ‘मैत्रीण’ म्हटले आहे. हे आजार पुरुषांनाही होतात, आणि ‘जिमचे वेड आहे’ म्हणून सोडून दिल्यामुळे त्यांच्यात ते अधिक उशिरा ओळखले जातात.

आधी आजाराची ओळख करून घ्या

खाण्याच्या विकारांचे तीन प्रकार ठाऊक असले तरी सुरुवातीला पुरेसे आहे. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये माणूस खाणे कमी करत जातो आणि वजन वाढण्याची भीती त्याच्यावर राज्य करू लागते. बुलिमिया नर्व्होसामध्ये आवर न घालता येता पुष्कळ खाल्ले जाते आणि नंतर ते ‘भरून काढण्यासाठी’ उलटी, कडक उपास, औषधे किंवा अतिव्यायाम यांचा आधार घेतला जातो. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये तसेच अनावर खाणे होते, पण भरून काढण्याचा प्रयत्न नसतो. मागे उरते ती लाज. या तिसऱ्या आजाराला अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१३ साली, आणि आजही अनेकजण त्याला जिभेचा लाडावलेपणा समजतात. या चौकटींत नेमके न बसणारे विकारही असतात आणि तेही तितकेच गंभीर असू शकतात.

‘ती कुठे बारीक आहे?’ हा प्रश्न मनातून काढून टाका. बुलिमिया आणि बिंज ईटिंग असलेल्या बहुतेक माणसांकडे पाहून काहीच कळत नाही. मूळचे वजन जास्त असलेला माणूस झपाट्याने वजन घटवत असेल, तर तो अजून जाड दिसत असतानाही त्याच्या हृदयावर आणि रक्तातल्या क्षारांवर उपासमारीचा परिणाम झालेला असू शकतो. आणि आजूबाजूचे लोक तेव्हा त्याचे अभिनंदन करत असतात.

उपासमार मनाला काय करते हे समजले की मैत्रिणीचे वागणे निराळे दिसू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांच्या देखरेखीखाली १९४४-४५ साली ३६ निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. त्यांपैकी कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरीही ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. म्हणून तुमची मैत्रीण तुमच्यावर विनाकारण खेकसते, भेटण्याचे टाळते, सगळ्यांसाठी केक करते आणि स्वतः घास घेत नाही, तेव्हा त्यात उपाशी मेंदूचा वाटा मोठा असतो हे लक्षात ठेवा. आजाराच्या मुळाशी अनुवंशिकतेचा भाग आहे, स्वभावाचा आहे, भोवतालच्या बोलण्याचा आहे. आईवडिलांनी असे केले म्हणून झाले, असा सरळ हिशेब कोणालाही मांडता येत नाही आणि मांडूही नये.

काय पाहावे

एका दिवसाच्या न खाण्यावरून काही ठरत नाही. आठवड्यामागून आठवडे टिकणारे बदल पाहा. जेवणाच्या वेळी नेमके काम निघणे. ‘खाऊन आले’ हे रोजचे उत्तर होणे. अन्नाचे गट एकामागून एक वर्ज्य होत जाणे, म्हणजे आधी तेल, मग भात, मग पोळी. जेवण होताच घाईने बाथरूमकडे जाणे. आजारी असताना किंवा भर पावसातही व्यायाम चुकवता न येणे. खोलीत लपवलेली वेष्टने. पंख्याखालीही थंडी वाजणे. केस गळणे, चक्कर येणे, पाळी अनियमित होणे किंवा थांबणे. वारंवार उलट्या होत असतील तर दात शिवशिवणे आणि गाल कानाजवळ सुजल्यासारखे दिसणे. यांतील प्रत्येक गोष्टीला दुसरे कारण असू शकते. थायरॉइड, मधुमेह, पोटाचे आजार, नैराश्य यांतही वजन आणि भूक बदलते, आणि म्हणूनच निदान डॉक्टरांवर सोडायचे.

आपल्याकडे उपवासांमुळे हे ओळखणे अधिक अवघड होते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, शेजारी पर्युषण, रमझान. न खाण्याला इथे कायम मान असतो. श्रद्धेने उपवास करणाऱ्या माणसाचा उपवास सुटतो आणि तो आनंदाने जेवतो. उपवासांची संख्या वाढत चालली आहे, पारण्याच्या दिवशीही ताट नकोसे होते आणि उपवास मोडण्याची भीती देवापेक्षा वजनाची वाटते, असे दिसले तर ती काळजीची गोष्ट आहे. तिच्या श्रद्धेशी मात्र वाद घालू नका. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे घरातली जुनी माणसेही मानतात, आणि योग्य वेळी ते त्यांच्याच तोंडून आले तर अधिक पोहोचते.

दिसलेल्या गोष्टी तारखेसह स्वतःपुरत्या लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांशी बोलताना त्या उपयोगी पडतात. पण तिची बॅग तपासणे, बाथरूमच्या दाराशी कान लावणे, फोन पाहणे यातले काहीही करू नका. एकदा विश्वास उडाला की ती लपवण्यात अधिक तरबेज होईल आणि तुम्ही बाहेर फेकले जाल.

थांबायचे नाही अशा खुणा

पुढील गोष्टींसाठी योग्य वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा : शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धडधड, झटके, उलटीत रक्त, बोलण्यात किंवा भानात गोंधळ, पाणीही पोटात न ठरणे, उभे राहण्याइतकीही ताकद नसणे. वारंवार उलट्या आणि जुलाबाची औषधे यांनी रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसातही घडते. इन्सुलिन घेणारी व्यक्ती वजनासाठी मात्रा चुकवत असल्याचे कळले, तर तीही तातडीची बाब आहे. १०८ वर मोफत रुग्णवाहिका मिळते. तिथल्या डॉक्टरांना ‘अशक्तपणा आहे’ एवढेच सांगून थांबू नका. खाणे कधीपासून कमी आहे आणि उलट्या होतात का, हे स्पष्ट सांगा.

काही दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला मायेने एकदम भरपेट जेवू घालणे धोक्याचे आहे. अशा वेळी शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊन जीवावर बेतू शकते. डॉक्टर याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि म्हणून अन्न हळूहळू, तपासण्या करत वाढवतात.

जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे बोलणे आले, तर ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने विचार रुजत नाही. तिला एकटे सोडू नका. टेली-मानस ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. मित्र म्हणून काय करावे हे विचारायलाही तिथे फोन करता येतो.

पहिले बोलणे

मुंबईत एकांत मिळणे हीच पहिली अडचण असते. तीन जणींच्या पेइंग गेस्टच्या खोलीत, पातळ भिंतींच्या घरात किंवा गर्दीच्या डब्यात हे बोलणे होत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, सकाळच्या वेळचा मरीन ड्राइव्ह, अशी जागा शोधा, जिथे शेजारी बसता येते आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहावे लागत नाही. हॉटेल नको, आणि जेवणाच्या आधीची किंवा नंतरची वेळही नको. एकट्याने जा, चौघांनी घेरून बसल्यास ती चौकशी वाटते. दोघांनाही घाई नसेल असा दिवस निवडा.

बोलण्यात वजन, आकडा, चेहरा, कपड्यांचे माप यांपैकी काहीही येऊ देऊ नका. जे तुम्ही पाहिले आणि त्यामुळे तुम्हाला जे वाटले, तेवढेच सांगा. उदाहरणार्थ : ‘अगं, गेल्या महिन्याभरात तू आमच्यात बसायचीच बंद झालीस. परवा दादरच्या जिन्यावर तुला चक्कर आली तेव्हा मी घाबरले. तुझं काय चाललंय, सांगशील?’ मग गप्प बसा. शांतता लांबली तरी चालेल. मित्राशी बोलताना शब्द याहून कमी लागतील : ‘अरे, तू हल्ली ठीक वाटत नाहीस. जिमचं सोड, तुला झोप लागते का?’ झोप, थकवा, एकटेपणा, सतत चाललेले विचार यांविषयी बोलणे अन्नापेक्षा सोपे जाते, आणि पुष्कळदा त्याच वाटेने ती स्वतः खाण्याच्या विषयाकडे येते.

‘माझं काही झालेलं नाही’ हे उत्तर मिळेल असे धरूनच चाला. हे खोटे बोलणे नसते. आजाराचाच एक भाग असा, की माणसाला तो आपला आधार वाटतो आणि तो काढून घ्यायला आलेला प्रत्येकजण शत्रू. वाद घालून पुरावे मांडू नका. ‘बरं, आज मी यावर बोलत नाही. पण मला काळजी वाटतेय, ती आहेच. मी परत विचारीन,’ एवढे म्हणून विषय बदला, आणि दोन आठवड्यांनी खरोखर परत विचारा. मधल्या काळात नाटकाला, समुद्रावर, कुठेही तिला बोलावत राहा. ती नाही म्हणाली तरी पुढच्या वेळी पुन्हा बोलवा.

‘थोडं खाल्लंस तर काय होईल’, ‘लोकांना खायला मिळत नाही’, ‘माझ्यासाठी दोन घास’, ‘तुझ्यासारखं मनावर नियंत्रण मला हवं होतं’, ही वाक्ये चांगल्या मनाने बोलली जातात आणि ती चारही टाळावीत. पहिल्या दोहोंनी अपराधीपणा वाढतो, तिसऱ्याने अन्न हे तुमच्यातल्या नात्याचे ओलीस होते आणि चौथ्याने आजाराला शाबासकी मिळते. ‘कोणाला सांगणार नाहीस ना?’ असे तिने विचारले तर शपथ घेऊ नका. ‘गावभर करणार नाही, पण तुझ्या जीवाला धोका वाटला तर गप्पही बसणार नाही,’ हे पहिल्याच दिवशी सांगितलेले प्रामाणिकपणाचे ठरते.

डॉक्टरांपर्यंत

ती तयार झाली की त्याच आठवड्यात पहिली भेट ठरवा, कारण ही तयारी फार काळ टिकत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव ऐकून ती मागे सरकत असेल, तर फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियनकडून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. उलट शारीरिक तपासणी आधी व्हायलाच हवी. नाडी, उभे आणि झोपून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, रक्तातील साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांविषयी डॉक्टर ठरवतील. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही, हे तिलाही आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. नाहीतर तोच कागद पुढे ढाल म्हणून वापरला जातो. वजन घेताना काट्याकडे पाठ करून उभे राहण्याची आणि आकडा न ऐकण्याची विनंती करता येते. ही छोटी गोष्ट अनेकांना पहिली भेट सोसता येण्याजोगी करते.

परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये, तसेच राज्य शासनाचे भायखळ्याचे जे. जे., येथे मानसोपचार विभाग आहेत आणि तिथला खर्च खासगीच्या मानाने फार कमी असतो. मेडिसिन आणि मानसोपचार एकाच आवारात असणे ही या आजारात मोठीच सोय आहे. गैरसोय गर्दीची. ओपीडी सकाळी असते, केसपेपरच्या खिडकीपासून रांगा लागतात आणि अशक्त माणसाला उभे राहवत नाही. तुमची खरी मदत इथे आहे : अर्ध्या दिवसाची रजा टाका, रांगेत तुम्ही उभे राहा, तिला बाकावर बसवा, जाताना गर्दीच्या वेळची लोकल टाळा. चक्कर येणाऱ्या माणसाने सकाळच्या गर्दीत फलाटाच्या कडेला उभे राहू नये.

खासगीत जायचे असेल तर फोनवरच विचारून घ्या की खाण्याच्या विकारांचे रुग्ण ते नेहमी पाहतात का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (औषधे न देता बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आहारतज्ज्ञही याच कामाचा अनुभव असलेला हवा. वजन घटवून देणाऱ्या क्लिनिकमध्ये तिला चुकूनही नेऊ नका, मग तिचे वजन कितीही असो. प्रौढांसाठी खाण्याच्या विकारांवर खास बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यासाठी बोलण्यातून दिली जाणारी उपचारपद्धती, हा चांगला पडताळलेला उपचार आहे. बुलिमियात फ्लुओक्सेटिनसारखे, एरवी नैराश्यावर वापरले जाणारे, औषधही दिले जाते. उपचार महिनोन्‌महिने चालतात. पहिल्या डॉक्टरांशी सूर जुळला नाही तर दुसरे पाहावेत, पण मध्ये खंड पडू देऊ नये.

खर्चाविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या धर्तीवरच विम्याची सोय करायची आहे. नोकरीतून मिळालेल्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च कसा धरला आहे, हे वेळ आहे तोवर वाचून ठेवा. ओपीडीचा खर्च अनेक पॉलिसींत धरलेला नसतो.

घरच्यांना सांगावे का

ती सज्ञान आहे, त्यामुळे कोणाला काय सांगायचे हा निर्णय तिचा. ‘तुझ्या आईशी मी बोलू की तू बोलतेस? मी शेजारी बसू का?’ असे विचारा. ती नको म्हणाली आणि जीवाला धोका नसेल, तर तिच्या मागे फोन करू नका. वर दिलेल्या तातडीच्या खुणांपैकी काही दिसले तर मात्र जरूर करा, आणि केल्याचे तिला सांगा.

वर उल्लेखलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच कलम १४ प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून, सही करून नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. प्रतिनिधीची लेखी संमती मात्र लागते. घर दूर असलेल्या, किंवा घरच्यांशी ताण असलेल्या मैत्रिणीसाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण दाखल करण्याची वेळ आली तर रुग्णालय नेमके कोणाशी बोलणार हे आधीच ठरलेले असते. ती बरी असताना, शांतपणे, हा कागद करून घ्यावा. ही जबाबदारी तुम्हाला पेलवणार नसेल तर तसे सांगा आणि दुसरे नाव शोधायला तिला मदत करा.

एकत्र जेवताना

आपल्याकडे माया दाखवण्याची रीतच वाढण्याची आहे, आणि पंगतीतला आग्रह हा आदर समजला जातो. आजारी माणसाला तोच आग्रह असह्य होतो. तुमच्यासोबत जेवणे तिला सोपे जावे यासाठी स्वतः सावकाश, नेहमीसारखे जेवा. गप्पा ऑफिसच्या, सिनेमाच्या, कोणाच्या लग्नाच्या चालू द्या. कोण किती खाते यावर, अगदी कौतुकानेही, बोलू नका. आपल्या डाएटची, व्यायामात ‘जाळलेल्या’ खाण्याची चर्चा तिच्यासमोर बंद करा. बाहेर जायचे असेल तर बुफेपेक्षा मोजके पदार्थ असलेले उडपी हॉटेल बरे, आणि तिथे काय मिळते हे तिला आदल्या दिवशी सांगता आले तर आणखी बरे. जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास तिला सर्वांत कठीण जातो. ‘सोबत थांबू का?’ असे विचारा, आणि तिने हो म्हटले तर पत्ते, चालणे, एखादी मालिका, काहीही चालेल.

गणपतीत मोदकांचे ताट पुढे येईल आणि कोणीतरी मावशी ‘किती वाळलीस गं’ किंवा ‘चांगली सुटलीस की’ असे म्हणेल. मावशींशी भांडू नका. ‘मावशी, आरास कोणी केली यंदा?’ असे विचारून त्यांचे लक्ष वळवणे तुम्हाला जमते, आणि मैत्रिणीला ते त्या क्षणी जमत नाही. लग्नाआधी वजन कमी करण्याच्या सूचना देणारे नातेवाईक, ऑफिसमधील वजन घटवण्याच्या स्पर्धा आणि व्हॉट्सॲप गटावरचे फोटो यांपासूनही तिला असेच आडून वाचवता येते.

तुमच्यासाठी

हे काम एकट्याने ओढू नका. तिच्या संमतीने आणखी एकदोघांना सांगा आणि वार वाटून घ्या : एक जण डॉक्टरांच्या भेटी पाहील, एक रविवारी सोबत राहील. रात्री किती वाजेपर्यंत फोन घेता येईल हे तिला मोकळेपणाने सांगा, आणि त्यानंतरच्या वेळेसाठी १४४१६ तिच्या फोनमध्ये साठवून द्या. तिचे खाणे पाहून तुमचेच खाणे-झोप बिघडू लागले असेल, तर तुम्हीही समुपदेशकाला भेटा.

बरे होत असताना

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चांगल्या महिन्यानंतर वाईट आठवडा येतो, विशेषतः नोकरी बदलताना, लग्न ठरताना, कोणी गेल्यावर किंवा ताप येऊन भूक मेल्यानंतर. पुन्हा घसरण होते आहे असे कोणत्या तीन गोष्टींवरून ओळखायचे आणि तेव्हा तुम्ही काय म्हणायचे, हे ती ठीक असताना तिच्याकडूनच ठरवून घ्या. तिने निवडलेले वाक्य तिला टोचत नाही. आणि तिचा चेहरा भरलेला दिसला, तर ‘तब्येत छान झाली’ असे म्हणू नका, कारण तिला त्यातून फक्त ‘वजन वाढले’ एवढेच ऐकू येते. ‘आज किती दिवसांनी एवढी हसलीस’, ‘तू आलीस म्हणून मजा आली’, हे म्हणा.